टेक्ससमधली काऊंटी कोर्टं : कुठलं काम कुठल्या कोर्टात जातं?

केतकी_फ्रिस्को

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून डॅलसच्या उत्तरेला राहायला आलो. पहिलं अपार्टमेंट सोडलं तेव्हा १४०० डॉलर डिपॉझिट होतं. गालिचा, रंग, साफसफाई असा हिशोब लावून कंपनीने जवळपास सगळं कापून घेतलं. घर सोडताना काढलेल्या फोटोंत गालिचा धडधडीत चांगला दिसतोय. ऑफिसात जाऊन भांडूनही आले. "पटत नसेल तर कोर्टात जा," एवढंच उत्तर मिळालं.

आता जायचं कुठे? एक मैत्रीण म्हणते स्मॉल क्लेम्स, दुसरी म्हणते काऊंटी कोर्ट. काऊंटीची वेबसाइट उघडली तर जस्टिस कोर्ट, काऊंटी कोर्ट अ‍ॅट लॉ, डिस्ट्रिक्ट कोर्ट, प्रोबेट कोर्ट अशी यादी, आणि शहराचं म्युनिसिपल कोर्ट त्याहून वेगळं. शिवाय नवऱ्याच्या नावाने ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून हजर राहायचं, समन्स आलंय. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, म्हणतो चुकून आलंय, दे टाकून. कुणी मुळापासून समजावून सांगेल का? आणि वकील कधी करावा, कधी नाही?

दप्तरी

केतकी, समन्स टाकू नका. आधी त्याचंच सांगते.

इथे ज्युरीची यादी दोन याद्या जोडून बनते : मतदारांची, आणि ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी असलेल्यांची. लायसन्स आपल्यालाही मिळतं, म्हणून एच-वनवाल्यांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही समन्स येत राहतं. त्यात पात्रतेचे प्रश्न असतात. "अमेरिकेचा नागरिक नाही" यावर खूण करायची, सही करून परत पाठवायचं आणि प्रत जपून ठेवायची. बऱ्याच काऊंट्यांत हे ऑनलाइन होतं. अशा लोकांची यादी पुढे मतदार नोंदणीच्या ऑफिसात जाते. लायसन्स काढताना घाईत मतदार नोंदणीच्या रकान्यात खूण झाली असण्याची जराही शंका असेल, तर काहीही पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. नागरिक नसताना मतदार यादीत नाव सापडणं फार जड जातं.

आता कोर्टांविषयी. मी डॅलस भागात एका वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. वकील नाही, पण माझा दिवस याच कोर्टांत कागद दाखल करण्यात जातो.

टेक्ससमध्ये २५४ काऊंट्या आहेत आणि राज्यघटना १८७६ ची. त्या घटनेने प्रत्येक काऊंटीला एक काऊंटी कोर्ट दिलं आणि त्याच्यावर एक काऊंटी जज बसवला. त्या काळी हा माणूस किरकोळ खटलेही चालवायचा आणि काऊंटीचा कारभारही बघायचा. लहान काऊंट्यांत आजही तसंच चालतं. २०२० च्या जनगणनेत लव्हिंग काऊंटीत ६४ माणसं होती आणि ह्यूस्टनच्या हॅरिस काऊंटीत ४७ लाखांच्या वर. घटनेने दोघांना सारखंच एक कोर्ट दिलेलं. ते हॅरिसला कसं पुरणार? म्हणून विधिमंडळ एकेका काऊंटीसाठी कायदा करून जादा कोर्टं काढत गेलं. तुम्ही वेबसाइटवर पाहिलेला गोंधळ त्यातून आलाय. प्रत्येक काऊंटीची गरज वेगळी, म्हणून प्रत्येकीची कोर्टांची यादीही वेगळी.

सगळ्यात खाली दोन कोर्टं. एक शहराचं म्युनिसिपल कोर्ट. शहराच्या हद्दीतली वाहतुकीची तिकिटं, शहराचे नियम मोडल्याची प्रकरणं आणि फक्त दंडाची शिक्षा असलेले 'क्लास सी' गुन्हे तिथे जातात. हे शहराचं कोर्ट आहे, काऊंटीचं नव्हे. दुसरं जस्टिस ऑफ द पीसचं कोर्ट, ज्याला सगळे जेपी कोर्ट म्हणतात. लोकसंख्येनुसार काऊंटीचे एक ते आठ प्रिसिंक्ट, म्हणजे विभाग, पाडतात आणि प्रत्येकात निदान एक जेपी असतो. २० हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे, भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या म्हणजे इव्हिक्शनच्या केसेस, आणि क्लास सी गुन्हे हे त्याचं काम. ही मर्यादा सप्टेंबर २०२० पर्यंत १० हजार होती. स्मॉल क्लेम्स कोर्ट नावाचं वेगळं कोर्ट २०१३ मध्ये बंद झालं, ते काम आता जेपी कोर्टच करतं. तेव्हा तुमच्या मैत्रिणीला म्हणायचंय ते कोर्ट हेच.

त्याच्या वर काऊंटी कोर्ट अ‍ॅट लॉ. क्लास ए आणि बी गुन्हे, म्हणजे ज्यांत काऊंटीच्या तुरुंगात जास्तीत जास्त एक वर्ष काढावं लागू शकतं ते. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर सहसा इथेच. मध्यम रकमेचे दिवाणी दावे, आणि जेपी कोर्टाच्या निकालावरची अपिलंही इथे. त्याच्याही वर डिस्ट्रिक्ट कोर्ट : फेलनी म्हणजे गंभीर गुन्हे, घटस्फोट, मुलांचा ताबा, जमिनीच्या मालकीचे वाद, मोठ्या रकमांचे दावे. मोठ्या काऊंट्यांत मृत्युपत्र आणि वारसांच्या कामांसाठी स्वतंत्र प्रोबेट कोर्ट असतं.

तुमचा दावा जेपी कोर्टात. अपार्टमेंट ज्या प्रिसिंक्टमध्ये होतं तिथलं. कॉलिन काऊंटीच्या मॅकिनीतल्या मोठ्या कोर्ट इमारतीत जाऊ नका, प्लेनो आणि फ्रिस्कोकडची जेपी कोर्टं तिथे नाहीत. आणि आधी काऊंटीची खात्री करा. फ्रिस्कोचा बराच भाग कॉलिन काऊंटीत असला तरी पश्चिमेकडचा डेंटनमध्ये मोडतो. पत्त्यात फक्त फ्रिस्को असतं, त्यावरून काही कळत नाही.

गोदाकाठ

डिपॉझिटसाठी मी स्वतः जेपी कोर्टात उभा राहिलोय, वकिलाशिवाय. जमतं. कुणी घाबरू नका.

केतकी, सगळ्यात आधी एक बघा : घर सोडताना नवा पत्ता कंपनीला लेखी कळवला होता का? ईमेल, पत्र, काहीही. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे घर सोडल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या पैशांचा तपशीलवार हिशोब द्यायचा. पण नवा पत्ता लेखी मिळेपर्यंत ही जबाबदारी त्यांच्यावर लागू होत नाही. रोजच्या वापरातल्या झिजेचे पैसे त्यांना कापता येत नाहीत. आणि खोट्या नियतीने पैसे अडकवले असं सिद्ध झालं तर अडकवलेल्या रकमेच्या तिप्पट, वर १०० डॉलर आणि वकिलाची फी, इतकं द्यावं लागतं. हे सगळं लिहून आधी सर्टिफाइड पोस्टाने मागणीपत्र पाठवा. बरेचदा तिथेच मिटतं.

नाही मिटलं तर दाव्याची फी ५४ डॉलर. समन्स बजावायचे पैसे वेगळे, ते काऊंटीप्रमाणे बदलतात. प्रतिवादी म्हणून सोसायटीच्या फाटकावरची पाटी लिहू नका. लीजवर मालक कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव असतं ते घ्या, आणि तिचा रजिस्टर्ड एजंट, म्हणजे तिच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारणारा, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोंदीत शोधा. चुकीच्या नावावर निकाल मिळाला तर त्याचा काही उपयोग नाही.

माझी तारीख होती त्या सकाळी बोर्डावर आधी इव्हिक्शनच्या केसेस होत्या. लहानशी खोली, बाकं, पुढे जज, बाजूला एक क्लार्क. जज नाव पुकारायचे. कंपन्यांची माणसं फायलींचा गठ्ठा घेऊन पुढच्या बाकावर बसलेली. भाडेकरूंपैकी निम्मे तरी आलेच नव्हते. नाव पुकारलं, उत्तर नाही, कंपनीच्या माणसाने शपथेवर दोन वाक्यं सांगितली, एकतर्फी निकाल. पुढचं नाव. माझ्या मागे एक बाई कडेवर मूल घेऊन बसली होती. तिने पावत्या आणल्या होत्या, मधल्या महिन्याचे पैसे भरल्याच्या. जजनी त्या हातात घेऊन एकेक वाचल्या, कंपनीच्या माणसाला विचारलं, त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तिचं घर त्या दिवशी टिकलं. ती आली म्हणून टिकलं.

मग माझं. मॅनेजरबाई फाइल घेऊन आल्या होत्या. जजनी विचारलं, हा राहायला आला तेव्हाचा घराच्या स्थितीचा फॉर्म दाखवा. तो फाइलमध्ये नव्हता. माझ्याकडे माझी प्रत होती, त्यात बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावरचा डाग मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवला होता. त्याच डागाचे पैसे त्यांनी कापले होते. फोटो छापून नेले होते, तारखेसकट. जज मोबाइलवर बघायला तयार नसतात असं नाही, पण कागद त्यांच्या फाइलमध्ये राहतो. निकाल माझ्या बाजूने लागला.

निकाल म्हणजे चेक नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. कोर्ट तुमच्यासाठी वसुली करत नाही. मला पत्र पाठवल्यावर पैसे मिळाले. नाही मिळाले तर निकालाचा गोषवारा काऊंटी क्लार्ककडे नोंदवता येतो, म्हणजे त्या काऊंटीतल्या त्यांच्या मालमत्तेवर बोजा चढतो, किंवा वसुलीचा हुकूम काढून तो कॉन्स्टेबलच्या हाती देता येतो.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

मी सांगलीत वकिली करतो, मुलगी ऑस्टिनला असते म्हणून हा धागा वाचतोय. दोन शंका.

जेपी व्हायला कायद्याची पदवी लागत नाही असं मुलीकडून ऐकलं. खरं आहे का? आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणजे कायद्याचा पदवीधर, लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि मुलाखत देऊन आलेला. पुण्या-मुंबईत घरभाड्याचे वाद लघुवाद न्यायालयात जातात, तिथेही कायदा शिकलेलाच माणूस असतो. दुसरं, अपील. आपल्याकडे अपील सहसा खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डवर चालतं. इथे कसं?

दप्तरी

वकीलसाहेब, खरं आहे. जेपीला पदवीची अट नाही. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ८० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पुढे दर वर्षी थोडं थोडं. काऊंटी जजलाही पदवीची अट नाही. घटनेत त्याच्याबद्दल एवढंच म्हटलंय की तो राज्याच्या कायद्याचा चांगला जाणकार असावा. काऊंटी कोर्ट अ‍ॅट लॉ आणि डिस्ट्रिक्ट कोर्टाचे जज मात्र वकीलच लागतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. जेपी कोर्टात कुणी साक्ष टिपून घेत नाही, पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियमही तिथे सहसा लागू नसतात. रेकॉर्डच नाही, तर अपिलात तपासणार काय? म्हणून काऊंटी कोर्टात अख्खा खटला नव्याने चालतो. साक्षीदार पुन्हा, कागद पुन्हा, जणू आधी काही झालंच नाही. मला ही व्यवस्था आवडते. गावातल्या शहाण्या माणसाने आधी बघावं, साधी भांडणं थोडक्या खर्चात मिटावीत, आणि ज्याला पटलं नाही त्याला कायदा शिकलेल्या जजसमोर नवी संधी मिळावी.

पण ती संधी मुदतीत घ्यावी लागते आणि लोक नेमके तिथे घसरतात. जेपी कोर्टाच्या साध्या दिवाणी निकालावर अपिलाला २१ दिवस. इव्हिक्शनच्या निकालावर ५ दिवस, फक्त ५. उत्तर देण्याच्या मुदतीही वेगळ्या. जेपी कोर्टाचं समन्स हातात पडलं तर लेखी उत्तर १४ व्या दिवसापर्यंत. तेच काऊंटी कोर्ट अ‍ॅट लॉ किंवा डिस्ट्रिक्ट कोर्टाचं असेल तर २० दिवस संपल्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळी १० वाजेपर्यंत. आमच्याकडे माणसं येतात तेव्हा आधी म्हणतात, माझी बाजू खरी आहे. मी म्हणते, कागद दाखवा. कागदाच्या डोक्यावर कोर्टाचं नाव, प्रिसिंक्ट किंवा नंबर आणि केसचा क्रमांक असतो. त्यावरून किती दिवस हातात आहेत ते कळतं. बाजू कितीही खरी असो, मुदत गेली तर ती ऐकून घ्यायला कुणी बसलेलं नसतं.

क्लार्कही वेगळे आहेत, तेही सांगून टाकते. डिस्ट्रिक्ट क्लार्क डिस्ट्रिक्ट कोर्टाची दप्तरं सांभाळतो. काऊंटी क्लार्ककडे काऊंटी कोर्टाची आणि प्रोबेटची कागदपत्रं, घरांची खरेदीखतं आणि लग्नाचे परवाने. जेपी कोर्टाचं दप्तर त्या-त्या जेपीकडे. एका खिडकीवर दिलेला कागद दुसऱ्या खिडकीकडे आपोआप जात नाही.

शुगरलँडकर

काऊंटी जजबद्दल भर घालतो. मोठ्या काऊंटीत हा माणूस खटले चालवतच नाही. तो आणि चार कमिशनर मिळून जी सभा भरते तिला कमिशनर्स कोर्ट म्हणतात, पण ती काऊंटीचं अंदाजपत्रक, कराचा दर, रस्ते, पूरनियंत्रण बघते. ह्यूस्टनला लीना हिडाल्गो २०१८ मध्ये हॅरिसच्या काऊंटी जज म्हणून निवडून आल्या तेव्हा जेमतेम २७ वर्षांच्या होत्या आणि वकील नव्हत्या. वादळ आलं की टीव्हीवर त्याच दिसायच्या, कारण आपत्तीच्या वेळी काऊंटीची सूत्रं काऊंटी जजच्या हातात असतात.

आणि मंडळी, इथे जेपीपासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जवळपास सगळे न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. काऊंटीतले चार वर्षांसाठी, अपील कोर्टांतले सहा वर्षांसाठी. आमच्या फोर्ट बेंड काऊंटीत मूळ केरळचे सुरेंद्रन पटेल २०२२ मध्ये निवडून आले आणि २४० व्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे जज झाले. लहानपणी कासरगोडला त्यांनी बिड्या वळल्या होत्या. जुली मॅथ्यू याही केरळच्याच, काऊंटी कोर्ट अ‍ॅट लॉवर. आपल्यातले कितीतरी जण आता नागरिक झालेत, राष्ट्राध्यक्षासाठी उत्साहाने मतदान करतात आणि मतपत्रिकेचा खालचा भाग कोरा सोडून येतात. तुमच्या मुलाचा ताबा, तुमच्या मुलाचं तिकीट, तुमच्या घरभाड्याचा वाद यांचा निकाल देणारी माणसं त्या खालच्या भागात असतात.

सदाफुली

शुगरलँडकर, मतदान करावं हे मान्य, पण न्यायाधीश पक्षावर निवडणं मला पटत नाही. हॅरिसमध्ये २०१८ ला एका रात्रीत किती अनुभवी जज पडले ते आम्ही पाहिलं. तेव्हा एकच खूण करून अख्ख्या पक्षाला मत देता यायचं, २०२० पासून ते बंद झालं. पण अजूनही लोक नावापुढचं अक्षर बघून मत देतात. माझ्या मैत्रिणीची ताब्याची केस निम्म्यात आली होती. १ जानेवारीला खुर्चीवर नवा माणूस. त्याने फाइल वाचायला वेळ घेतला, त्यात तिची चूक काय? मूल मात्र तेवढा काळ अधांतरी. त्यापेक्षा आपल्याकडची परीक्षा आणि नेमणूक बरी.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

सदाफुली, नेमणूक बरी हे खरं, पण बदल्या आमच्याकडेही होतात आणि नव्या साहेबांसमोर युक्तिवाद पुन्हा करावा लागतो. रिकाम्या जागांमुळे वर्षानुवर्षं तारखा पडतात ते वेगळंच. निवडून आलेला जज काम केलं नाही तर पडतो, हा धाक मला तरी मोलाचा वाटतो. मात्र पक्षाचं चिन्ह नको, याबाबतीत मी तुमच्या बाजूचा.

डेंटनचा_विद्यार्थी

मला मदत हवी आहे. माझ्या रूममेटला दुकानात काहीतरी खिशात घातलं म्हणून पकडलं. वस्तू शंभर डॉलरच्या आतली. पोलिसांनी बेड्या वगैरे घातल्या नाहीत, कागद देऊन सोडलं. म्युनिसिपल कोर्टाचं नाव आहे. ऑनलाइन दंड भरायची सोय दिसतेय. तो म्हणतो भरून टाकतो, घरी कळायला नको. तो एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे.

दप्तरी

त्याला आत्ता लगेच थांबवा. भरू देऊ नका.

शंभर डॉलरच्या आतली चोरी क्लास सी, म्हणजे जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड, तुरुंग नाही. कोर्टाच्या दृष्टीने किरकोळ. पण ऑनलाइन दंड भरणं म्हणजे आरोप न लढता मान्य करणं, आणि त्यावर दोषी म्हणून नोंद होते. तिकिटाच्या बाबतीत हे एकवेळ चालतं, चोरीच्या बाबतीत नाही. इमिग्रेशनचा कायदा चोरीकडे नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणून बघतो. गुन्ह्याचा वर्ग काऊंटीच्या लेखी कितीही खालचा असला तरी व्हिसा अधिकाऱ्यासमोर तो चोरी म्हणूनच जातो. शंभरच्या पुढे साडेसातशेपर्यंत क्लास बी होतो आणि केस काऊंटी कोर्टात जाते.

कोर्टात 'निर्दोष' असं लेखी कळवून तारीख घ्यावी आणि फौजदारी वकील करावा, जो इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून पाऊल टाकेल. फक्त दंडाच्या गुन्ह्यात सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही, तेव्हा पदरचे पैसे जातील, पण हे पैसे वाचवायचे नाहीत. 'डिफर्ड' नावाची सवलत देऊ करतील. ती पाळली की स्थानिक कोर्टात केस मिटते. पण गुन्ह्याची कबुली आणि वर काही अटी, अशी तिची मांडणी असेल तर इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षाच ठरू शकते. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पडिला विरुद्ध केंटकी खटल्यात ठरवलं की कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर वकिलाने तसं आपल्या अशिलाला सांगायलाच हवं. त्याने हा प्रश्न वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावा. आणि घरी सांगितलेलं बरं, पैसे लागणार आहेत आणि आधारही.

साध्या तिकिटांचंही इथेच लिहिते. शहराच्या पोलिसांनी दिलं तर म्युनिसिपल कोर्ट, हायवेवर राज्याच्या ट्रूपरने किंवा शेरीफच्या माणसाने दिलं तर बहुतेक जेपी कोर्ट. मर्यादेपेक्षा ताशी २५ मैल किंवा जास्त वेग नसेल आणि गेल्या १२ महिन्यांत ही सवलत घेतली नसेल तर डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करून केस रद्द करून घेता येते. मागावं लागतं, तेही तिकिटावरच्या हजेरीच्या तारखेच्या आत.

डेंटनचा_विद्यार्थी

खूप आभार. त्याने पेज बंद केलंय. उद्या वकिलाला फोन करतोय.

आक्का_अर्व्हिंग

माझ्या यजमानांना जाऊन तीन वर्षं होत आली. घर दोघांच्या नावावर, मृत्युपत्र घरातल्या कपाटात आहे. मुलं म्हणतात काही करायची गरज नाही, घर तुझंच आहे. हे प्रोबेट म्हणजे काय ते कुणी सांगेल का?

दप्तरी

आक्का, वाचून वाईट वाटलं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मान्य करून घेणं. मुलांना सांगा की गरज आहे आणि वेळ फार उरलेला नाही. टेक्ससमध्ये मृत्युपत्र सहसा मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत कोर्टासमोर आणावं लागतं. नंतर ते दाखल करून घेणं कठीण होतं. घर दोघांच्या नावावर असलं म्हणजे त्यांचा हिस्सा आपोआप तुमच्याकडे आला असं नसतं, दोघांनी सहीनिशी तसं लेखी ठरवलेलं असेल तरच. अर्व्हिंग डॅलस काऊंटीत येतं, तिथे स्वतंत्र प्रोबेट कोर्टं आहेत. मृत्युपत्र नीट केलेलं असेल तर टेक्ससमधलं प्रोबेट सोपं असतं. बहुतेक मृत्युपत्रांत 'स्वतंत्र' एक्झिक्युटरची, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याची, तरतूद असते, त्यामुळे एक छोटी सुनावणी होऊन अधिकारपत्र मिळतं आणि पुढे प्रत्येक गोष्टीला कोर्टाची परवानगी लागत नाही. यासाठी मात्र वकील करा. मूळ मृत्युपत्र, प्रत नव्हे, मूळ, जपून वकिलाकडे न्या. त्याची पिन काढू नका, पानं सुटी करू नका.

निशिगंधा

एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकांसाठी लिहितेय, कारण हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

घटस्फोट, ताबा, पोटगी ही कामं डिस्ट्रिक्ट कोर्टात जातात. मोठ्या काऊंट्यांत त्यासाठी वेगळी फॅमिली डिस्ट्रिक्ट कोर्टं आहेत. अर्ज करायला दोघांपैकी एकाचं राज्यात सहा महिने आणि त्या काऊंटीत ९० दिवस वास्तव्य लागतं. व्हिसा कुठला ते कोर्ट विचारत नाही. अर्जानंतर निदान ६० दिवस थांबावं लागतं. घरात मारहाण झाली असेल तर काही बाबतींत त्याला अपवाद आहे.

मारहाण होत असेल तर संरक्षण आदेश, प्रोटेक्टिव्ह ऑर्डर, मागता येतो. त्याला फी नाही आणि त्यासाठी घटस्फोटाचा अर्ज आधी करावा लागत नाही. काऊंटीच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी वकिलाचं ऑफिस तो अर्ज स्वतः दाखल करू शकतं. म्हणजे तुमच्या हातात पैसे नसले, बँकेचं खातं नवऱ्याच्या नावावर असलं, तरी दार बंद नाही. तिथे गेल्यावर समोरची बाई तुम्हाला शांतपणे बसवून सगळं लिहून घेते. पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले आणि मेसेजचे फोटो यांच्या प्रती विश्वासाच्या मैत्रिणीकडे आधीच ठेवा.

केतकी_फ्रिस्को

निशिगंधा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पाठवतेय.

समन्स परत पाठवलं. घर सोडताना पत्ता ईमेलने कळवला होता, तो सापडला. जुनं अपार्टमेंट डेंटन काऊंटीत निघालं! मागणीपत्र आज पोस्टात टाकलं. एक शेवटचा प्रश्न. घर सोडताना सासूबाई सोबत होत्या, गालिचा त्यांनीच व्हॅक्यूम करून दिला. त्या साक्ष द्यायला तयार आहेत, पण फक्त मराठी बोलतात. मी त्यांचं बोलणं जजना सांगितलं तर चालेल का?

दप्तरी

तुम्ही स्वतः वादी, त्यामुळे तुम्ही दुभाषी होऊ शकत नाही. नवराही नको, लीजवर त्याचंही नाव असणार. कोर्टाकडे परवानाधारक दुभाषी मागा, साक्षीदारासाठीही मागता येतो. मराठीचे परवानाधारक दुभाषी फार थोडे, बरेचदा फोनवर किंवा व्हिडिओवर असतात. स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा असेल आणि ७५ मैलांच्या आत परवानाधारक कुणी नसेल, तर कोर्ट परवाना नसलेला पण दोन्ही भाषा नीट येणारा, केसशी संबंध नसलेला सज्ञान माणूसही नेमू शकतं. अर्ज लेखी द्या आणि तारीख ठरल्याबरोबर द्या. अर्जात 'हिंदी चालेल' असं लिहू नका. एकदा आमच्या एका आजींना हिंदी दुभाषी मिळाला होता, त्यांना निम्मे प्रश्न कळले नाहीत आणि सुनावणी पुढे ढकलावी लागली. सासूबाई घरी मराठी बोलतात तर मराठीच लिहा, आणि सुनावणीच्या आठवडाभर आधी क्लार्कला फोन करून दुभाषी ठरलाय ना ते विचारून घ्या.